‘कोमेजणे’ कुठे वापरावे आणि कुठे नाही

ज्या वस्तूची टवटवी गेली आहे, पण ओलावा पुरता संपलेला नाही, तिच्यासाठी ‘कोमेजणे’ हे क्रियापद योजावे. म्हणून नाशिकच्या भाजीबाजारात दुपारपर्यंत मान टाकणारी मेथीची जुडी कोमेजलेली असते, तर अंगणात पसरलेली मिरची वाळलेली असते. द्राक्षांचे बेदाणे करताना घड वाळवतात. तेथे ‘कोमेजवतात’ लिहिणे हास्यास्पद ठरेल. ‘सुकणे’ मात्र ऐसपैस आहे, कारण फूल, कपडा आणि जखम ही तिन्ही सुकतात. उन्हाने वा रोगाने पीक जळाल्यासारखे झाले, तर ते ‘करपले’ असे म्हणावे.

माणसाविषयी लिहिताना अधिक जपावे: चेहरा कोमेजतो तो दुःखाने किंवा उपासाने, परंतु ‘तो वाळला’ याचा अर्थ तो कृश झाला. ‘म्लान’ हा संस्कृत शब्द मुखाला शोभतो, मेथीला नाही.

‘निर्माल्य’ म्हणजे कोमेजलेले फूल, हा समज चुकीचा आहे. पंचवटीतल्या देवळात मूर्तीवरून उतरवलेले फूल ताजे असले तरी ते निर्माल्यच होय.