गिटमधी स्पेलिंग चुकलं तर: हेल्प.ऑटोकरेक्टची सेटिंग

मे महिन्यातली नागपुरातली दुपार, कूलर नुसती दमट हवा फेकून राहिला, घामानं बोटं सटकून राहिली आणि मी गिटमधी, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधी, पाचव्यांदा स्टेटस या कमांडचं स्पेलिंग चुकवलं, ए आणि टीची अदलाबदल. गिट म्हणते अशी कमांडच नाही, आणि खाली स्वतःच सांगते की स्टेटसशी जुळून राहिलं. अबे समजलं ना तुले, मग चालव ना भाऊ!

तर ते चालवते, फक्त एकदा सांगून ठेवा लागते. टर्मिनलमधी हे टाका, मी देवनागरीत लिहिलं पण तुम्ही इंग्रजीतच टाका:

गिट कॉन्फिग --ग्लोबल हेल्प.ऑटोकरेक्ट 30

आता गंमत ऐका, हे 30 म्हणजे 30 सेकंद नाही. गिट हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजते, म्हणजे झाले 3 सेकंद. मी आधी 5 टाकला होता, वाटलं पाच सेकंद भेटतील, भेटला अर्धा, कमांड थांबवायच्या कंट्रोल-सीवर बोट जाईपर्यंत कमांड चालून मोकळी. 30 ठेवलं की गिट आधी वॉर्निंग देते, अमुक कमांड समजून चालवतो म्हणते, आणि 3 सेकंद थांबते, नको असेल तर तेवढ्यात कंट्रोल-सी.

आकड्याच्या जागी इमिजिएट लिहिलं तर थांबतच नाही, ते काही करू नका बुवा. मला आवडते ते प्रॉम्प्ट, दरवेळी विचारते, वाय दाबलं तरच चालते. फक्त गिट फार जुनं असेल तर प्रॉम्प्ट चालत नाही, अपडेट मारा. परत पहिल्यासारखं नुसतं सुचवायला हवं असेल तर 0.

हे फक्त कमांडचं नाव सुधरवते हं, ब्रँचचं किंवा फाईलचं नाव चुकलं तर ते तुमचं तुम्हीच निस्तरा. सारख्याच जवळच्या दोन-तीन कमांडी निघाल्या तरी ते चालवत नाही, यादी दाखवून मोकळं होते.

आणि घाईत खुद्द गिटच्याच ठिकाणी जीटीआय टाईप झालं तर? ते गिटपर्यंत पोचतच नाही, शेल, म्हणजे टर्मिनलमधी कमांड वाचणारा प्रोग्राम, तोच म्हणते असं काही नाही. त्यासाठी बॅश शेलच्या सेटिंगच्या .बॅशआरसी फाईलमधी एक ओळ टाका, एलियस जीटीआय=गिट, बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस सोडू नका, आणि टर्मिनल बंद करून परत उघडा.