नाल्यावर प्लास्टिक मोजायला निघालात? आधी किलोचा नाद सोडा

कॉलेजच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटचे क्रेडिट आल्यापासून दर सत्रात कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, प्लास्टिकवर प्रोजेक्ट घ्यायचाय, वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन. सुरुवात कुठून करू?" राज्याची २०१८ ची प्लास्टिकबंदी, केंद्राची १ जुलै २०२२ ची एकल वापराच्या वस्तूंवरची बंदी, पिशवीला १२० मायक्रॉनची अट, एवढं तुम्हाला पाठ आहे असं धरते. नसेल तर आधी ते वाचून या. मी सांगणार आहे ते मात्र कोणी आधी सांगत नाही, आणि त्यातच माझं अख्खं पहिलं सत्र वाहून गेलं.

ते म्हणजे वजन.

नागपुरात नाग नदीच्या काठी, नंदनवन वस्तीच्या बाजूला, आम्ही दोन-तीन मंडळांना सोबत घेतलं होतं. तेव्हाच्या मार्गदर्शकांनी सुचवलं की मंडळामंडळांत स्पर्धा लावू. जो जास्त किलो प्लास्टिक काढेल तो पहिला. कल्पना सगळ्यांनाच आवडली, मलाही. माणसं आली, बोरे भरले, काट्यावर टांगले, फोटो निघाले. नंतर बोरे उघडले तर एकात भिजलेली गादी, दुसऱ्यात चिंध्या आणि मुरलेला गाळ. लोकांनी लबाडी केली नव्हती. आम्ही किलो मागितले, त्यांनी किलो दिले.

आता हिशेब मांडून दाखवते. कंटाळा आला तरी वाचा, कारण दरवर्षी कोणीतरी इथेच आपटतं. खर्र्याची पन्नी घ्या, म्हणजे सुपारी-तंबाखूचा खर्रा ज्यात घोटून देतात तो पातळ प्लास्टिकचा कागद. वीस सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद, जाडी २० मायक्रॉन धरा. क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर, जाडी ०.००२ सेंटिमीटर, म्हणजे आकारमान ०.८ घन सेंटिमीटर. पॉलिथिनची घनता साधारण ०.९२. वजन आलं पाऊण ग्रॅमच्या आतबाहेर. त्याच पन्नीच्या एकाच बाजूला अर्धा मिलिमीटर ओला गाळ चिकटला असं समजा. तो झाला २० घन सेंटिमीटर. घनता दीड धरली तरी ३० ग्रॅम. पन्नीच्या चाळीसपट! काट्यावर तुम्ही नदीचा गाळ तोलताय आणि अहवालात त्याला प्लास्टिक म्हणताय. घडीत अडकलेलं पाणी तर मी धरलंच नाही.

बरं, सगळं धुऊन वाळवून तोललं तरी भागत नाही. पाण्याची एक बाटली २५ ग्रॅमची धरली तर तिच्या बरोबरीला तीस-पस्तीस पन्न्या लागतात. किलोच्या यादीत पन्नी तळाला जाते, नगाच्या यादीत ती पहिली येते. गटारीच्या जाळीत अडकून पाणी तुंबवते ती पन्नी, बाटली नव्हे. अंबाझरी तलाव ओसंडून २३ सप्टेंबर २०२३ ला शहरात पूर येऊन काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. त्याचं खापर एकट्या पन्नीवर फोडू नका, ते शास्त्राला धरून होणार नाही. पण पाणी कशाने अडतं हा प्रश्न असेल तर किलो तुम्हाला उत्तर देणार नाहीत.

म्हणून नग मोजा. काठाचा ठरावीक तुकडा टेपने मोजून आखा, दोन्ही टोकांना खूण करा आणि दर वेळी तोच तुकडा घ्या. किती जण होते, किती वेळ लागला, आदल्या दिवशी पाऊस होता का, हे प्रत्येक फॉर्मवर लिहा. फाटलेल्या पन्नीचे तुकडे कसे मोजायचे ते आधीच ठरवा. आम्ही तळहातापेक्षा मोठा तो एक नग धरला. नियम कोणताही चालेल, मध्येच बदलू नका. ढीग मोठा असेल तर तो नीट मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका, उरलेल्याचं पुन्हा तेच करा. वजन हवंच असेल तर अशा छोट्या नमुन्याचं, धुऊन, पूर्ण वाळवून. ऑगस्टमध्ये ते वाळत नाही, प्रयोगशाळेत जागा आधीच मागून ठेवा.

फॉर्म नेटवरून उतरवू नका. तिकडचे बहुतेक फॉर्म समुद्रकिनाऱ्यासाठी केलेले असतात. त्यात मासेमारीच्या जाळ्यांना रकाना असतो आणि आपल्या खर्रा पन्नीला नसतो, मग निम्मा माल "इतर"मध्ये जातो. २०२२ च्या उत्पादक जबाबदारीच्या नियमांत (कंपन्यांनी आपल्या प्लास्टिक वेष्टनाची जबाबदारी घ्यायची, ते नियम) वर्ग दिले आहेत: कडक प्लास्टिक, लवचिक प्लास्टिक, प्लास्टिकखेरीज आणखी कशाचा तरी थर असलेली पाकिटं, आणि कंपोस्ट होणारं प्लास्टिक. तेच घ्या आणि खाली वस्तीत खरोखर दिसणाऱ्या वस्तूंची नावं टाका. पाकिटावरची कंपनी वाचता येत असेल तर तीही टिपा. पुढे मनपाशी किंवा प्रदूषण मंडळाशी बोलताना हाच तक्ता कामी येतो.

एक गोष्ट आम्हाला कचरा वेचणाऱ्या एका मावशींकडून कळली. आमच्या मोजणीत बाटल्या फारच कमी येत होत्या आणि आम्ही खुशीत लिहायला बसलो होतो की इथे बाटल्यांचा वापर कमी आहे. मावशी म्हणाल्या, "बाटल्या तर आमीच नेतो जी. या पन्नीचं कोन काय देते?" संपलं. नाल्यात जे उरतं ते वस्तीच्या वापराचं चित्र नसतं; कबाडी ज्याला भाव देत नाही त्याचं ते चित्र असतं. म्हणून वस्तीच्या कबाडीवाल्याकडे आधी जा, तो काय घेतो आणि काय परत करतो ते विचारा. मावशींसारख्या माणसांना दिवसाची मजुरी द्या. "सहभाग" म्हणून प्रमाणपत्र हातात ठेवणं मला पटत नाही. त्यांचा रोज बुडतो आणि आपले क्रेडिट होतात.

मार्गदर्शकांबद्दल थोडं कडू बोलते. जे सर किंवा मॅडम स्वतः एकदा तरी नाल्यावर येतील, त्यांच्याकडेच जा. मोठं नाव, मोठी यादी, सामंजस्य करारावर सह्या करतानाचा फोटो, हे सगळं छान आहे, पण फॉर्मवरचा तिसरा रकाना चुकतोय हे नाल्यावर उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं. प्रत्येकाला सुरुवातीलाच नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, हवी असते. नागपूरकरांच्या अभिमानाची संस्था आहे, १९५८ पासून शहरात आहे, सगळं कबूल. पण पहिल्या वर्षाच्या मोजणीला नीरी लागत नाही. आपल्याच विद्यापीठातला संख्याशास्त्राचा एखादा विद्यार्थी आणि समाजकार्य महाविद्यालयातली दोन मुलं जास्त उपयोगी पडतील. समाजकार्यवाल्यांना दारात उभं राहून बोलता येतं. आपल्याला येत नाही, हे मान्य करून टाका.

मायक्रोप्लास्टिक पहिल्या वर्षी नको. पाच मिलिमीटरखालचे कण म्हटलं की विषय भारी वाटतो, पण तुमच्याच टी-शर्टचे धागे नमुन्यात पडतात, प्रत्येक टप्प्याला तुलनेसाठी कोरा, म्हणजे नदीचं काहीच नसलेला, नमुना चालवावा लागतो, आणि प्लास्टिकचा प्रकार ओळखणाऱ्या एफटीआयआर यंत्रावर वेळ मिळेपर्यंत सत्र संपतं. प्लास्टिक ओळखायची हौसच असेल तर पाण्याची बादली घ्या. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिन तरंगतात, पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी बुडतात. वस्तीतल्या पोरांना हे दाखवा, पुढच्या वेळी ती स्वतःहून येतात.

परवानगीचं भिऊ नका. मनपाचे दहा झोन आहेत. आपल्या झोनच्या कार्यालयात विभागाचं पत्र द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. तिथेच आणखी एक विचारा: पावसाळ्याआधीची नदीसफाई तुमच्या तुकड्यात कधी आहे? पोकलेन आलं की तुमची आखलेली जागा, खुणा, सगळं गाळासकट काठावर जातं. आधी कळलं तर सफाईच्या आधी एक मोजणी आणि नंतर एक, असा फुकटचा तुलनात्मक अभ्यास होतो. पानठेल्यावर फॉर्म घेऊन गेलात तर "का मॅडम, चालान फाडून राहिले का?" असंच ऐकू येईल, कारण दंड करणारं मनपाचं उपद्रव शोध पथक त्यांच्या ओळखीचं आहे. पहिल्या दिवशी फॉर्म बॅगेतच ठेवा, ओळखपत्र दाखवा, बसा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला तोच माणूस दिवसाला किती पन्न्या घोटतो ते सांगेल.

आणि हे अगदी स्पष्ट सांगते: पाण्यात उतरायचं नाही. नाग नदीत सांडपाणी आहे. गमबूट, जाड हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. सुई किंवा सलाईनची नळी दिसली की हात लावायचा नाही, जागेचा फोटो काढून कळवायचं. दवाखान्याच्या कचऱ्याचे नियम वेगळे आहेत. शाळेतली मुलं काठावर नेऊ नका, कोणी कितीही हौसेने पाठवो.

"नमुना लहान आहे" असं विभागात नक्की म्हणतील. म्हणू द्या. एकच तुकडा, एकच नियम, वर्षभर, एवढं असलं तर लहान नमुनाही उभा राहतो. हे पाणी पुढे कन्हान नदीमार्गे वैनगंगेला आणि गोसीखुर्द धरणाला जातं, त्यामुळे तुमच्या शंभर फुटांच्या काठात रस असलेले लोक भंडाऱ्यातही सापडतील.

निकाल आधी वस्तीला सांगा, मग विभागाला. आम्ही समाजभवनात तक्ता लावला, तेव्हा एका काकूंनी बोट ठेवून दाखवलं की जिथे पन्न्या सगळ्यात जास्त आहेत, त्याच गल्लीत कचऱ्याची गाडी आत शिरत नाही. आमच्या नकाशात ती गल्ली होती, हे कारण नव्हतं. त्याच बैठकीत लोकांच्या सह्यांचं पत्र तयार झालं आणि झोनला गेलं. असं पत्र निघालं तर आवक क्रमांकासह त्याची झेरॉक्स अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडा. आमच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलं पान सोडून आधी तेच उघडलं होतं.