नागपुरात राहून विज्ञानकादंबरी स्वतःच छापायची तर

लेखकही आपणच आणि प्रकाशकही आपणच असलो की वर्षाचा हिशेब डिसेंबरपासून मागे मोजावा लागतो. नागपुरात पुस्तक विकायचे खरे दिवस दिवाळीनंतरच्या थंडीचे, म्हणून नोव्हेंबरअखेर प्रती घरात हव्यात. पण दिवाळीआधी प्रेसवाल्यांकडे अंक, कॅलेंडरं आणि लग्नपत्रिकांची रांग असते. फाइल एकतर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या, नाहीतर दिवाळी उरकल्यावर. मधे दिलेलं काम ‘उद्या लावतो भाऊ’मध्ये अडकतं. प्रकाशन समारंभ करणार असाल तर हिवाळी अधिवेशनाचा काळ टाळा. सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडवलेले असतात, पत्रकार विधानभवनात असतात आणि बाहेरगावच्या पाहुण्याला हॉटेलात खोली मिळत नाही.

पहिला खर्डा 1 फेब्रुवारी ते 15 मे या 104 दिवसांत बसवा. रोज 600 शब्द धरले तर 62,400 होतात, एका कादंबरीला पुरेत. एप्रिलपासून पहाटे पाच ते आठ हीच वेळ खरी, दुपारी डोकं चालत नाही. 25 मेच्या सुमारास नवतपा लागतो, खर्डा लांबला असला तरी त्यात नवीन प्रकरण काढू नका. तेव्हा आधीचं नुसतं वाचा आणि शब्दवही तपासा.

ही शब्दवही लेखनाच्या पहिल्या दिवसापासून ठेवायची. मराठीत नवा शब्द घडवला की त्याला लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप द्यावंच लागतं, आणि बरेच लेखक इथेच फसतात. परग्रहावरच्या प्राण्याला ‘झोरा’ म्हटलं की तो लगेच ‘झोऱ्याने’, ‘झोऱ्यांना’ होतो आणि वाचकाला मूळ नाव ओळखू येत नाही. ‘वेथू’ ठेवलंत तर ‘वेथूने’, ‘वेथूंना’, नाव शाबूत राहतं. ‘थेल’सारखा शब्द आणखी त्रासाचा: तो थेल की ती थेल? ‘थेलला’ की ‘थेलाला’? दोन्ही चालतील, पण तिसऱ्या प्रकरणात एक आणि अकराव्यात दुसरं चालणार नाही. प्रत्येक शब्दापुढे लिंग, अनेकवचन आणि ‘-ला’ लावलेलं रूप लिहून ठेवा. ‘कृष्णविवर’ की ‘ब्लॅक होल’, ‘यान’ की ‘जहाज’, हेही तिथेच ठरवा.

कोण कोणाला ‘तू’ म्हणतो आणि कोण ‘तुम्ही’, तेही वहीत हवं. यानातला इंजिनीअर ‘का करून राहिला बे’ म्हणाला तर छानच आहे. पण घाबरल्यावर तोच ‘काय करतोयस’ म्हणू लागला तर नागपूरचा वाचक लगेच पकडतो.

विज्ञानाचे आकडेही त्याच वहीत. मंगळाचा दिवस 24 तास 39 मिनिटांचा असतो. पृथ्वीवरून मंगळावर संदेश पोचायला, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यानुसार, साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. म्हणजे नागपुरातल्या झिरो माइलजवळच्या नियंत्रणकक्षातून मंगळावरच्या माणसाशी फोनसारखं फटाफट बोलणं होऊच शकत नाही. असा प्रसंग आधीच लिहून झाला असेल तर तो एकेका लांब निरोपाचा करा. बहुतेकदा तो आधीपेक्षा चांगला होतो.

पावसाळा दुरुस्तीचा. याच दिवसांत 3,000 ते 4,000 शब्दांची एखादी कथा दिवाळी अंकाला पाठवा, जुलैअखेर गेली तर बरं. ती पुढे आपल्या पुस्तकात घ्यायची मुभा लेखी मागून ठेवा. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेकडेही लक्ष असू द्या.

आता टाइपसेटिंग. सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ इथे वाया जातो. मजकूर युनिकोडमध्ये (मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) लिहिलेला असतो आणि ऑपरेटर तो जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये बदलून घेतो. त्या फेऱ्यात रफार हलतात, ‘ॲ’ गायब होतो, आणि पुढे ई-पुस्तकासाठी सगळं परत उलटं बदलावं लागतं. पानं लावायच्या सॉफ्टवेअरचं नाव घेऊन ‘इनडिझाइनमध्ये युनिकोडच लावणार ना?’ हे कामाआधी विचारा. लावणार असतील तर त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर ही देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय चालू हवी, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते.

फाइल देण्याआधी एक शोध घ्याच: ‘दुसऱ्या’. हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र्’ आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधलात तर दुसरा सापडत नाही. आणि फाइल इकडून तिकडे जाताना तो जोडक गळला की ‘दुसर्या’ छापलं जातं. सगळीकडे ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ एकाच पद्धतीचे करून टाका.

डेमी आकारात (साडेपाच बाय साडेआठ इंच) 13 पॉइंटात पानावर साधारण 260 शब्द बसतात. 62,000 शब्द म्हणजे 240 पानं, सोळा पानांचा एक असे बरोबर 15 फॉर्मे. 243 झाली तर वरच्या तीन पानांसाठी निदान अर्धा फॉर्मा चढतो, म्हणून मजकूर 240 मध्ये बसवा. कण्याची जाडी अंदाजाने धरू नका. 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) कागदावर ती 12 मिमीच्या आसपास येते, पण प्रेसकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या, मोजा, मगच मुखपृष्ठ पक्कं करा. चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, ठेवा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन आणि मोफत मिळतो. त्याला वेळ लागू शकतो, म्हणून अर्ज जुलैतच करा. छापील आणि ई-पुस्तकाला वेगळे क्रमांक लागतात, किंडलला मात्र तो नसला तरी चालतं. 1954च्या कायद्याने छापील प्रत प्रकाशनापासून 30 दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. चार प्रती त्यासाठी बाजूला काढा.

किंमत ठरवताना दुकानदाराचं कमिशन आधी वजा करा. समजा 300 प्रतींना 30,000 रुपये लागले आणि किंमत 350 ठेवली. 40 टक्के कमिशन गेलं की हातात 210 येतात. छपाईचा खर्च निघायला दुकानातून 143 प्रती विकल्या जाव्या लागतात, थेट विकल्या तर 86. मुखपृष्ठ आणि संपादन यात धरलेलं नाही. किंडलवर भारतातल्या विक्रीचे 70 टक्के फक्त ‘केडीपी सिलेक्ट’ या किंडलच्या योजनेत उतरलात तरच मिळतात. मग ते ई-पुस्तक 90 दिवस दुसरीकडे ठेवता येत नाही, छापील पुस्तकाला ही अट नाही.

एक प्रत पावशेरापेक्षा थोडी जास्त भरते, म्हणजे 300 प्रतींचं ओझं 80 किलोंच्या वर. गठ्ठे आडवे, दहा-दहाचे, भिंतीपासून हातभर दूर फळीवर ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत प्रती ठेवल्या की कण्याचा गोंद सैल पडतो आणि पानं सुटतात. कूलरच्या खोलीत तर मुळीच नको. लॅमिनेशन वरच्या बाजूलाच असतं, आतला कागद ओल धरतो आणि आठवड्याभरात सगळी मुखपृष्ठं पापडासारखी वळतात.