टाचेचा हिशेब: मधुमेहात पायाचं क्रीम कसं पारखावं

सकाळी मोजा चढवताना टाचेला अडकला की समजायचं, क्रीम काम करत नाही. माझी कसोटी एवढीच. मधुमेहाला १४ वर्षं झाली, तळपाय बरेचसे बधिर आहेत; त्यामुळे ‘मऊ वाटतंय का?’ असं मला विचारून उपयोग नाही. आरशात बघते, हाताने चाचपते, त्यावरच भरवसा.

पाय कोरडे का पडतात ते कळलं की निम्मी जाहिरात गळून पडते. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की घाम आणणाऱ्या नसाही दुखावतात. तळपायाला घाम सुटेनासा होतो, कातडी राठ होते, टाच फुटते आणि त्या भेगेतून जंतू आत शिरतात. म्हणजे क्रीमने पाणी धरून ठेवायचं आणि ते उडू द्यायचं नाही. सुगंधाचं इथे काय काम?

म्हणून डबा पालथा करून मागची यादी वाचा. जे जास्त, त्याचं नाव आधी असतं. युरिया, ग्लिसरीन, लॅक्टिक ॲसिड पाणी धरतात. पेट्रोलेटम (म्हणजेच पेट्रोलियम जेली), डायमेथिकोन वरून झाकण घालतात. दोन्हींतलं काही ना काही यादीत वरच्या बाजूला हवं. ‘मधुमेहींसाठी खास’ लिहिलेली एक ट्यूब आणि एक साधी युरियाची ट्यूब मी शेजारी ठेवून वाचली. घटक जवळपास तेच, किंमत मात्र दुप्पट.

युरियाचा टक्का नीट बघा. रोजच्या वापराला ५ ते १० पुरतो. टाच जाड, घट्टे पडलेली असेल तर २० ते २५. त्यापुढचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ‘जास्त म्हणजे चांगलं’ या शहाणपणाने मी एकदा ४० टक्क्यांचं आणलं. आठवड्याने पाहिलं तर टाचेची कड पांढरी पडून सोलवटलेली. आग झालीही असेल, मला पत्ताच नाही. कुरूप घालवायच्या सॅलिसिलिक ॲसिडच्या पट्ट्याही आपल्यासाठी नाहीत.

आता हिशेब, माझा आवडता भाग. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत पिळलेली क्रीमची वळी साधारण अर्धा ग्रॅम भरते. एका पायाला अशा दोन, म्हणजे दोन्ही पायांना रोज २ ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवस चालते, १०० ची ५० दिवस. किमतीला ग्रॅमने भागा, दोनने गुणा. तो तुमचा रोजचा खर्च. खात्रीसाठी मी ट्यूब स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, १० दिवसांनी पुन्हा तोलली. १९ ग्रॅम कमी. दिवसातून दोनदा लावत असाल तर खर्चही दुप्पट धरा.

कागदावर दोन क्रीम बरोबरीत आली तर एक डाव्या पायाला, दुसरं उजव्याला, दोन आठवडे. रोज त्याच दिव्याखाली मोबाइलवर फोटो. मी महागडं क्रीम आणि साधी पेट्रोलियम जेली अशी झुंज लावली. टाचा दोन्ही सारख्याच सुधारल्या. पण जेलीचा चिकटपणा असा, की चौथ्या दिवसापासून मी ती लावायचं टाळायला लागले, ‘आमचे हे’ आठवण करायचे म्हणून पार पडलं. कपाटात पडून राहणारं स्वस्त क्रीम शेवटी महागच की. आता दिवसा मधल्या किमतीचं युरियावालं, रात्री मोज्याखाली जेली.

लावायचं अंघोळीनंतर, पाय टिपून घेतल्यावर, कातडी जराशी दमट असतानाच. बोटांच्या बेचक्यांत मात्र अजिबात नाही. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. लावल्यावर मोजे घातल्याशिवाय उठू नका, फरशीवर पाय सटकतो. आणि भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल, भोवती लाली किंवा ऊब असेल, तर क्रीमची तुलना राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ट्यूब चपटी झाली म्हणून फेकू नका. कात्रीने मधोमध कापा आणि एक अर्धा भाग दुसऱ्यात खोचून झाकून ठेवा. परवा अशीच एक कापली, आत चार दिवसांचं क्रीम निघालं.