वॉरगेमसाठी मध्ययुगीन लघुमूर्ती कशा रंगवाव्यात

टेबलावरच्या युद्धखेळातील लघुमूर्ती ही काचेच्या कपाटात एकटी ठेवायची शोभेची वस्तू नसते. ती चाळीस-पन्नास सोबत्यांच्या गर्दीत उभी राहते, खेळाडू तिच्याकडे दोन-तीन फुटांवरून पाहतो, आणि ही तुकडी कोणाची, भालाइतांची की धनुर्धरांची, हे त्याला तेवढ्या अंतरावरून क्षणात कळावे लागते. मध्ययुगीन रणांगणावरही नेमकी हीच अडचण होती. चेहरा पोलादी शिरस्त्राणात झाकलेला सरदार मित्र की शत्रू, हे त्याच्या ढालीवरून आणि निशाणावरूनच उमगे. म्हणून रंगवणाऱ्याने बारकाव्याआधी ओळखीचा विचार करावा, असे माझे मत आहे. माझ्या पहिल्या तुकडीत प्रत्येक पट्टा, प्रत्येक बक्कल मी भिंगाखाली रंगवले होते. परंतु सगळ्या छटा गडद निवडल्यामुळे टेबलावर ती बारा माणसे काळपट ढेकळांसारखी दिसू लागली. तेव्हापासून रंगवताना मधूनमधून मूर्ती हातभर लांब धरून पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे.

रंगाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी सैन्याचा काळ ठरवावा, कारण ‘मध्ययुगीन’ या एका शब्दात कित्येक शतके मावतात. 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईतील नॉर्मन स्वार कड्यांचे चिलखत घालतो आणि पतंगाच्या आकाराची लांब ढाल बाळगतो. त्या ढालीवर वेटोळे, ठिपके किंवा एखादा पंखवाला सर्प चालतो, पण वंशपरंपरागत कुलचिन्ह चालत नाही, कारण ती पद्धत बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रुजू लागली. तेराव्या शतकातील सरदार चिलखतावर कापडी झगा, म्हणजे सरकोट, घालतो आणि संपूर्ण डोके झाकणारे डब्यासारखे शिरस्त्राण वापरतो; रंगवणाऱ्याला सर्वाधिक वाव याच काळात मिळतो. पंधराव्या शतकात पत्र्यांचे पूर्ण चिलखत आले, सरकोट मागे पडला, आणि सामान्य सैनिकाच्या अंगावर धन्याच्या रंगांचे जाकीट दिसू लागले. एकच उदाहरण सांगतो. 1346 च्या क्रेसीच्या लढाईत फ्रान्सच्या राजाचे निशाण निळ्यावर विखुरलेल्या अनेक सोनेरी लिलींचे होते, तर 1415 च्या अ‍ॅजिनकोर्टमध्ये त्याच निशाणावर तीनच लिली होत्या. इंग्लंडच्या राजाचेही निशाण साधे तीन सिंहांचे असेल असे समजू नये. तिसऱ्या एडवर्डने 1340 मध्ये फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगून आपल्या चिन्हाचे चार भाग केले व त्यांपैकी दोन फ्रेंच लिलींना दिले.

आता पूर्वतयारी. या खेळात 28 मिमी हे माप सर्वाधिक प्रचलित आहे. ते ढोबळमानाने तळपायापासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीचे असते. मूर्ती प्लास्टिक, रेझिन किंवा शिसे-कथिलासारख्या मऊ मिश्रधातूची असते. रेझिन व धातूच्या मूर्तींवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या तेलकट द्रव्याचा थर राहिलेला असू शकतो, म्हणून त्या कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने व जुन्या टूथब्रशने धुऊन पूर्ण वाळवाव्यात. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे मूर्तीवर एक बारीक शीर उठलेली असते. ती धारदार चाकूच्या पाठीने किंवा बारीक कानशीने खरवडून काढावी. हे काम कंटाळवाणे आहे खरे, परंतु टाळले तर पुढे ड्रायब्रश करताना, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासताना, नेमकी तीच शीर सर्वांत जास्त चमकते. जुन्या धातूच्या मूर्तींत शिसे असते, तेव्हा कानशीचा भुगा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा आणि हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नयेत. प्लास्टिकसाठी प्लास्टिक वितळवून जोडणारा पॉलिस्टायरीन सिमेंट, तर धातू व रेझिनसाठी सुपरग्लू वापरावा. ढाली मात्र चिकटवू नयेत. त्या वेगळ्या रंगवून अखेरीस जोडल्या तर ढालीमागचा हात आणि ढालीचा दर्शनी भाग दोन्ही नीट रंगवता येतात.

प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, हात दिल्याशिवाय अ‍ॅक्रिलिक रंग धातूवर किंवा प्लास्टिकवर टिकत नाही. स्प्रेचा डबा वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावर धरून, फवारा मूर्तीच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवावा आणि एकाच ठिकाणी रोखून धरू नये. हवा फार दमट असेल तर त्या दिवशी फवारणी करूच नये, कारण पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्यावर पुढे काहीही केले तरी तो खरखरीतपणा जात नाही. चिलखत जास्त असेल तर काळा प्रायमर सोयीचा. कापड व उजळ रंग जास्त असतील तर पांढरा किंवा करडा. मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटते ती मधली वाट: सर्व बाजूंनी काळा हात द्यावा आणि तो वाळल्यावर फक्त वरच्या बाजूने पांढऱ्याची हलकी फवारणी करावी. उजेड डोक्यावरून पडल्यावर सावल्या कोठे पडतील याचा नकाशाच त्यामुळे मूर्तीवर तयार होतो.

ब्रशच्या बाबतीत नवख्यांचा हमखास गैरसमज असा, की बारीक कामासाठी सर्वांत बारीक ब्रश हवा. तीन शून्यांच्या (000 क्रमांकाच्या, अतिबारीक) ब्रशच्या टोकावरचा थेंबभर रंग मूर्तीपर्यंत पोहोचेस्तोवर वाळतो. एक किंवा दोन नंबरचा, टोक उत्तम राहणारा सेबल केसांचा ब्रश डोळ्याच्या रेषेपासून सरकोटच्या घेरापर्यंत सगळे करू शकतो. केस धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळीपर्यंत रंग चढू देऊ नये, आणि ड्रायब्रशसाठी जुना, झिजलेला ब्रश वेगळा ठेवावा. रंग बाटलीतून थेट लावू नये. पॅलेटवर थोडे पाणी मिसळून दुधासारखा पातळ करावा. एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात दिले तर कोरीव काम बुजत नाही. डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंग पेपर अशी ओली पॅलेट घरी बनवता येते आणि तीवर मिसळलेला रंग तासन्तास ओला राहतो.

क्रम आतून बाहेर ठेवावा, म्हणजे अंगाशी जे आहे ते आधी आणि त्यावर जे घातले आहे ते नंतर. याला कड्यांच्या चिलखताचा अपवाद करून ते सर्वांत आधी उरकावे, कारण त्याची पद्धत आजूबाजूला रंग सांडणारी आहे. काळ्यावर गडद पोलादी रंग ड्रायब्रशने घासावा: ब्रश रंगात बुडवून तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि उरलेला रंग कड्यांच्या उंचवट्यांवरून आडवा ओढावा. मग काळा किंवा गडद तपकिरी वॉश, म्हणजे अगदी पातळ पाणेरी रंग, सोडावा, म्हणजे तो खाचांत उतरून प्रत्येक कडी वेगळी काढतो. तो पूर्ण वाळल्यावर खांदे, छाती आणि डोक्यावरच्या जाळीवर उजळ चांदीचा अगदी हलका हात फिरवावा. दहा माणसांचे चिलखत अशा रीतीने एका बैठकीत होते. पत्र्यांच्या चिलखतावर मात्र वॉश सगळीकडे फासू नये, कारण सपाट पत्र्यावर तो डाग धरून वाळतो. तो फक्त सांध्यांत व रिव्हेटांभोवती सोडावा आणि पत्र्याच्या कडा चांदीने उजळाव्यात.

कापडाचे रंग निवडताना त्या काळचे रंगारी काय करू शकत होते हे आठवावे. युरोपात लाल रंग मुख्यतः मंजिष्ठेच्याच कुळातील मॅडर या वनस्पतीच्या मुळांपासून, निळा वोडच्या पानांपासून, तर पिवळा वेल्डपासून मिळे. वोडमधील रंगद्रव्य नीळच असते. हिरवा हवा असल्यास पिवळ्या व निळ्या अशा दोन्ही रंगांत कापड बुडवावे लागे. खोल काळा आणि केर्मीस किड्यांपासूनचा झळझळीत किरमिजी ही श्रीमंतांची चैन होती. त्यामुळे गावाकडून आलेल्या पायदळाला विटकरी लाल, फिकट निळा, मातकट पिवळा आणि न रंगवलेल्या लोकरीचे करडे, तपकिरी, मळके पांढरे द्यावेत, आणि शुद्ध तेजस्वी रंग सरदारांसाठी राखून ठेवावेत. तुकडीत पाच-सहा रंग ठरवून तेच वेगवेगळ्या जागी फिरवावेत: एकाचे निळे मोजे, दुसऱ्याची निळी टोपी, तिसऱ्याचा निळा डगला. माणसे वेगळी दिसतात, तरी तुकडी एक वाटते. थरांवर थर शिवलेला जाड गॅम्बेसन अंगरखा मळक्या पांढऱ्यात रंगवून त्यावर तपकिरी वॉश दिला, की शिवणीच्या ओळी आपोआप उमटतात.

प्रत्येक कापडाला तीनच टप्पे पुरतात: मूळ रंग, खाचांत वॉश किंवा गडद छटा, आणि घड्यांच्या माथ्यावर उजळ रंगाचा उठाव. हा उठाव हातात धरल्यावर थोडा भडक वाटेल इतका ठेवावा. टेबलावर ठेवल्यावर तो बरोबर दिसतो. लालाला उजळवताना पांढरा मिसळला तर तो गुलाबी होतो, त्याऐवजी नारिंगी मिसळावा. चेहऱ्यासाठी नाक, गालाची हाडे, हनुवटी आणि खालचा ओठ एवढेच उजळावे. 28 मिमीच्या सैनिकाला बुबुळे काढण्याचा हट्ट धरू नये. नेम चुकला तर तो भूत पाहिल्यासारखा दिसतो. भुवईखाली तपकिरीची एक सावलीरेषा पुरेशी असते.

सगळ्यांत वेळ द्यावा तो कुलचिन्हांना. त्यांचा मूळ नियम लहान आहे: पिवळा (सोने) आणि पांढरा (चांदी) हे ‘धातू’, तर लाल, निळा, काळा, हिरवा व जांभळा हे ‘रंग’, रंगावर रंग ठेवू नये आणि धातूवर धातू ठेवू नये. निळ्यावर काळा सिंह दुरून दिसणार नाही, पण निळ्यावर पिवळा दिसेल, इतके ते व्यावहारिक आहे. जेरुसलेमच्या राज्याचे चांदीवर सोन्याचे क्रूस हा प्रसिद्ध अपवाद आहे, पण काल्पनिक सरदाराची ढाल बनवताना नियम पाळावा. डोळ्यालाही तेच पटते. पट्टे, तिरपा पट्टा, आडवी-उभी विभागणी, शेवरॉन (उलट्या व्ही आकाराचा पट्टा) हे आकार हाताने सहज जमतात. पेन्सिलीने फिकट रेषा आखून आकार भरावा, आणि कड वाकडी झाली तर पार्श्वभूमीच्या रंगाने बाहेरून छाटावी. सरळ रेषा हाताच्या कौशल्यापेक्षा या छाटणीतूनच जास्त येते. पिवळा रंग झाकायला दुबळा असल्याने लालावर थेट पिवळा लावू नये. आधी गेरूसारखा पिवळट तपकिरी आकार काढून त्याच्या आत पिवळा भरावा, म्हणजे बाह्यरेषाही फुकट मिळते. मागील पायांवर उभा सिंह काढताना आधी एक वळणदार एस, मग चार पाय, मग शेपूट अशा क्रमाने जावे.

चिन्हाची दिशा चुकू देऊ नये. ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, पाहणाऱ्याची डावी, आणि सिंहाचे तोंड तिकडेच असते. निशाणावर ते काठीकडे पाहते, त्यामुळे निशाणाच्या दुसऱ्या बाजूला चित्र आरशातल्यासारखे उलटे काढावे लागते. हाताने काढणे नको असेल तर ट्रान्स्फर, म्हणजे मूर्तीवर उतरवायची तयार छापील चित्रे, वापरण्यात कमीपणा नाही; फक्त ते चकचकीत व्हार्निशवर बसवावेत, म्हणजे कडा उठून दिसत नाहीत. कागदी निशाण चिकटवल्यावर गोंद ओला असतानाच त्याला लाटा द्याव्यात आणि कागदाच्या पांढऱ्या कडा त्याच रंगाने झाकाव्यात.

सर्वांनाच वैयक्तिक चिन्ह नसे. दुसऱ्या रिचर्डच्या 1385 च्या आदेशांनी इंग्रज सैनिकांना सेंट जॉर्जचा क्रूस अंगावर घालणे बंधनकारक केले. पांढऱ्यावरचा तो लाल क्रूस धनुर्धरांच्या रांगेला क्षणात एकत्र बांधतो. टेम्पलर आणि ट्युटॉनिक या धर्मयोद्ध्यांच्या संघांपैकी टेम्पलर सरदारांना पांढऱ्यावर लाल क्रूस, ट्युटॉनिक सरदारांना पांढऱ्यावर काळा. असा मोठा पांढरा झगा रंगवताना सुरुवात पांढऱ्याने करू नये. फिकट करड्याने किंवा हस्तिदंती रंगाने करावी आणि शुद्ध पांढरा घड्यांच्या टोकांसाठी ठेवावा.

घोडे सोपे असतात. तांबूस तपकिरी अंग, काळी आयाळ, काळे पाय हा खात्रीचा पर्याय. मधूनच एखाद्याच्या कपाळावर ठिपका द्यावा, एखादा पंचकल्याणी करावा. सगळे एकाच रंगाचे घोडे कवायतीसारखे दिसतात.

मूर्तीच्या पायाखालच्या तळावर पांढऱ्या गोंदाने वाळू चिकटवून ती गडद तपकिरीने रंगवावी, फिकट मातकट रंगाने ड्रायब्रश करावी आणि वर कृत्रिम गवताचे पुंजके बसवावेत. संपूर्ण सैन्यातील मूर्तींचे तळ एकाच पद्धतीचे असावेत, कारण विस्कळीत रंगांना तेच सांधून घेतात. शेवटी व्हार्निश: मूर्ती खेळात सतत हाताळली जाणार असल्याने आधी चकचकीत व्हार्निशचा टिकाऊ हात आणि त्यावर मॅटचा हात द्यावा. मॅट व्हार्निश दमट हवेत फवारले तर पांढुरके पडते, तेव्हा आधी एका टाकाऊ मूर्तीवर चाचणी घ्यावी. मॅटमुळे पोलादाची चमकही मावळते, म्हणून तलवारीची धार आणि शिरस्त्राणाचा माथा व्हार्निशनंतर चांदीने पुन्हा टिपावा. आणि ती तुकडी डब्यात जाण्यापूर्वी तिचा निळा कोणत्या बाटल्यांतून, किती थेंबांनी मिसळला होता ते वहीत लिहून ठेवावे. वर्षभराने आणखी सहा माणसांची भर घालायची वेळ येते तेव्हा ती छटा आठवणीतून पुन्हा जमत नाही.