तळघरात पाणी शिरलं की घर जागं करणारा अलार्म कसा बसवायचा

सगळ्यात आधी खाली जाऊन मगभर पाणी ओता, सेन्सर वगैरे नंतर बघू. फरशी डोळ्याला सपाट दिसते पण कुठेतरी बारीक उतार असतोच, पाणी हळूहळू सरकत एका कोपऱ्यात जाऊन थांबतं, तिथे खडूने गोल करून ठेवा. तीन-चार ठिकाणी ओतून बघा, भिंतीच्या कडेला, ड्रेनच्या जाळीजवळ, खाली वॉशिंग मशीन किंवा गीझर असेल तर त्याच्या बुडाशी. माझ्याकडे सगळं पाणी जिन्याखाली जमत होतं आणि मी सेन्सर लावणार होतो दाराशी, म्हणजे अर्धं तळघर भिजल्यावर मला कळलं असतं.

आता सेन्सर. त्या छोट्या प्लेट मिळतात ना, वर तांब्याच्या समांतर रेघा असलेल्या, त्या प्रयोगापुरत्या ठीक पण कायमच्या लावू नका. त्यांना सतत करंट दिला की ओलाव्यात इलेक्ट्रोलिसिस सुरू होतं, एका बाजूच्या रेघा हिरवट पडून खाल्ल्या जातात आणि मग पाणी आलं तरी प्लेट गप्प. त्यापेक्षा प्लास्टिकच्या तुकड्यात स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू १-२ सेंटीमीटर अंतराने बसवा, टोकं फरशीपासून २-३ मिलिमीटर वर राहू द्या म्हणजे नुसत्या दमट फरशीने अलार्म वाजणार नाही. आणि स्क्रूंना पॉवर कायम द्यायचीच नाही, दर ३० सेकंदांनी फक्त १० मिलिसेकंद द्यायची, तेवढ्यात रीडिंग घ्यायचं आणि बंद. स्क्रू खूप जास्त टिकतात.

हा झाला पहिला इशारा. दुसरा सेन्सर म्हणजे फ्लोट स्विच, तो फरशीपासून साधारण ५ सेंटीमीटर वर भिंतीला एल आकाराच्या पट्टीवर लावा. यात मधल्या दांडीत चुंबकाने चालणारा रीड स्विच असतो आणि तरंगणाऱ्या गोळ्यात चुंबक, पाणी चढलं की गोळा वर सरकतो आणि स्विच बदलतो, बिघडण्यासारखं त्यात फार काही नाही. बऱ्याच फ्लोटमध्ये क्लिप काढून गोळा उलटा घातला की स्विचचं वागणं उलटं होतं. आपल्याला असं हवंय की कोरडं असताना सर्किट जोडलेलं आणि पाणी आलं की तुटलेलं. बरेच जण नेमकं उलट करतात, पाणी आलं की जोडलं जाईल असं. मग उंदराने वायर कुरतडली, जोड गंजला, कुणी झाडू मारताना वायर उपटली तर अलार्मला काहीच कळत नाही आणि आपण समजतो सगळं कोरडं आहे. जोडलेलं सर्किट ठेवलं की तुटलेली वायरसुद्धा पाण्यासारखीच वाजते. रात्री उगाच उठावं लागेल एखाद वेळेस, पण चालेल.

बोर्ड म्हणून मी ईएसपी३२ वापरतो, वायफाय असलेला, प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड. फ्लोटची एक वायर ग्राउंडला, दुसरी पिन २७ ला, आणि त्या पिनवरून ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर, कारण बोर्डाच्या आतला पुलअप, म्हणजे पिनला ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर, लांब वायरला कमी पडतो. स्क्रूंचं असं, एक स्क्रू पिन २५ ला म्हणजे तिथून क्षणभर पॉवर जाईल, दुसरा पिन ३४ ला आणि ३४ वरून ग्राउंडला १०० किलोओहम. ३४ च का, तर बोर्डात व्होल्टेज मोजून आकडा देणारे दोन भाग असतात, एडीसी१ आणि एडीसी२, वायफाय चालू असताना एडीसी२ च्या पिनांवर रीडिंग मिळत नाही आणि ३४ ही एडीसी१ ची आहे. रीडिंग ० ते ४०९५ मध्ये येतं, कोरडं असताना शून्याच्या आसपास, नळाच्या पाण्यात बुडवलं की एकदम वर जातं. मर्यादा किती ठेवायची ते तुमच्याकडच्या पाण्यात बुडवूनच ठरवा, पाच रीडिंगची सरासरी घ्या. फ्लोटसाठी सलग २ सेकंद सर्किट तुटलेलं दिसलं तरच अलार्म, नाहीतर एखाद्या झटक्यानेही वाजत बसेल.

कोड लिहिताना एक चूक हमखास होते आणि ती मीही केली होती. सुरुवातीलाच वायफाय जोडलं जाईपर्यंत थांबणारा लूप टाकला होता. पावसात लाइट गेली, आली, परत गेली, राउटर काही उठला नाही आणि बोर्ड तिथेच वाट बघत अडकून बसला, खाली पाणी चढत होतं आणि सायरन गप्प. सकाळी जिना उतरलो तर शेवटची पायरी दिसतच नव्हती. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी सेन्सर वाच, गरज असेल तर सायरन वाजव, मग वायफाय असेल तर मेसेज पाठव, नसेल तर पुढे चल. घरातला आवाज इंटरनेटवर कधीच अवलंबून नको.

सायरन १२ व्होल्टचा घ्या आणि तो तळघरात नाही, तुम्ही झोपता तिथे लावा. छोटा बझर बंद दारामागे खाली कितीही वाजला तरी वर ऐकू येत नाही. दोन तारांची वायर वर ओढायची, मध्ये रिले किंवा मॉसफेट, म्हणजे बोर्डाच्या छोट्या सिग्नलने सायरनचे १२ व्होल्ट चालू-बंद करणारा स्विच, त्याची कंट्रोल पिन २६. ०, २, १२, १५ या पिना टाळा, बोर्ड सुरू होताना त्यांचं वेगळं काम असतं.

मुसळधार पाऊस आणि लाइट जाणं ही जोडगोळीच असते, आणि पाणी उपसायचा पंपही त्याच वेळी बंद पडतो, म्हणजे अलार्मची खरी गरज लाइट नसतानाच. राउटरसाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात, एकावर बोर्ड आणि सायरन, दुसऱ्यावर राउटर. साधी पॉवर बँक नको, बऱ्याच पॉवर बँका इतका कमी करंट बघून आपोआप बंद होतात.

फोनवर मेसेजसाठी टेलिग्राम बॉट, म्हणजे टेलिग्रामवर आपोआप मेसेज पाठवणारं खातं, सोपा पडतो. पण नुसता 'पाणी आलं' एवढा मेसेज पुरत नाही. बोर्डाने ठरावीक वेळाने 'मी चालू आहे' असं बाहेरच्या एखाद्या सेवेला कळवत राहायचं, आणि कळवणं थांबलं की त्या सेवेने तुम्हाला मेल करायची. ही सेवा घराबाहेरची हवी, घरातल्याच कॉम्प्युटरवर ठेवली तर लाइट गेल्यावर दोघंही एकदम गप्प होतील.

एवढं सोल्डरिंग जमणार नसेल तर बॅटरीवर चालणारा तयार वॉटर अलार्म आणून त्या खडूच्या गोलात ठेवा. खरं तर सगळं केलंत तरी एक असा ठेवाच, बोर्ड मेला तर तोच वाजेल.

बोर्ड आणि अडॅप्टर फरशीपासून दीड मीटर तरी वर, प्लास्टिकच्या बंद डब्यात. खाली फक्त ३.३ व्होल्टच्या वायरी उतरू द्या. आणि अलार्म वाजला म्हणून धावत खाली पाण्यात पाय टाकू नका प्लीज, सॉकेटपर्यंत पाणी पोचलं असेल तर त्या पाण्यात करंट असू शकतो. कोरड्या जागेवरून मेन स्विचपर्यंत जाता येत असेल तर आधी तो बंद करा, नसेल तर वरच थांबा आणि इलेक्ट्रिशियनला किंवा वीज कंपनीला फोन करा. घरातल्या सगळ्यांना, मुलांनाही, हे आधीच सांगून ठेवा.

शेवटी टेस्ट. स्क्रूंवर ओलं फडकं ठेवा, बोटाने फ्लोट वर उचला, मग फ्लोटची एक वायर मुद्दाम काढा, मग राउटर बंद करून परत तेच, मग अडॅप्टर काढून यूपीएसवर. पाचही वेळा सायरन वाजला पाहिजे. एकदाही नाही वाजला तर बिघाड सापडेपर्यंत खालची पुस्तकं आणि कागदपत्रं वर आणून ठेवा. पुढे महिन्यातून एकदा फ्लोट उचलून बघायचा, आणि पावसाळ्याच्या तोंडावर स्क्रू घासून पुसून परत रीडिंग घ्यायचं.