दुसऱ्या मार्गदर्शक श्वानाबरोबर चालायला शिकताना

मार्गदर्शक श्वान साधारणपणे ८ ते १० वर्षांचा झाला की त्याला निवृत्त करतात. त्यामुळे अमेरिकेत तरुणपणीच पहिला श्वान घेतलेल्या अंध व्यक्तीवर नव्या जोडीदाराशी जुळवून घेण्याची वेळ आयुष्यात अनेकदा येते. पुष्कळदा अनुभवी माणसालाच हे जड जाते, कारण जुन्या कुत्र्याची ओढ, त्याचा वेग आणि वळण्याची ढब त्याच्या डाव्या हाताच्या अंगवळणी पडलेली असते.

सुरुवात प्रशिक्षण केंद्रातच करावी. १९२९ साली स्थापन झालेल्या 'द सीइंग आय'सारख्या संस्थेत प्रशिक्षक स्वतः हार्नेस, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर बांधायचा हँडल असलेला पट्टा, हातात धरून कुत्र्याच्या जागी चालतो आणि आपण त्याचे हँडल धरून मागोमाग चालतो. त्याला 'जुनो वॉक' म्हणतात. त्या वेळी आपल्याला किती ओढ आणि किती वेग सोसतो, हे संकोच न करता सांगावे, कारण जोडी ठरवताना त्याचाच उपयोग होतो. हँडलची लांबी मनगटाला अवघडत असेल, तर ती तिथेच बदलून घ्यावी.

त्यानंतर पद्धतीतला फरक समजून घ्यावा. पूर्वी कुत्रा चुकला की पट्ट्याला झटका देण्याची रीत सर्रास होती, तर आता अनेक केंद्रे योग्य कामाबद्दल लगेच खाऊ देऊन शिकवतात. नव्या कुत्र्याला झटक्याची सवय नसेल आणि आपला हात जुन्या सवयीने पट्टा ओढत असेल, तर तो गोंधळतो. पदपथाच्या कडेशी कुत्रा थांबला की आधी पायाने कड चाचपावी, तत्काळ शाबासकी द्यावी आणि खाऊ आपल्या डाव्या पायाजवळ, त्याच्या तोंडाशी धरावा. समोर धरला तर तो जागा सोडून पुढे वळतो आणि जोडीची दिशा बिघडते. कड चुकली, तर रागावू नये. चार पावले मागे येऊन तीच कड शांतपणे पुन्हा गाठावी आणि या खेपेला थांबला की मनापासून कौतुक करावे.

'पुढे' म्हटल्यावरही कुत्रा हलला नाही, तर हँडल पुढे रेटू नये. रस्ता ओलांडण्याची वेळ ठरवणे हे माणसाचे काम असले, तरी समोर वाहन किंवा खड्डा दिसल्यास आज्ञा मोडायला त्याला मुद्दाम शिकवलेले असते, आणि विजेवर चालणारी संथ मोटार आपल्या कानांना चुकवू शकते.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे दोन-तीन ओळखीच्या वाटाच चालाव्यात. खाणे, अंग विंचरणे, बाहेर नेणे ही कामे आपणच करावीत; घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी लाड करायला थोडे थांबावे, हे त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगावे. निवृत्त कुत्रा घरातच असेल, तर नव्याला हार्नेस घालायच्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत घरच्या कोणाच्या सोबतीला ठेवावे, म्हणजे दाराशी त्याची तगमग होत नाही. तोंडून जुन्याचे नाव निघते. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही, नवे नाव घेऊन आज्ञा पुन्हा द्यावी.

जोडी पुरती जमायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. मात्र कुत्रा त्याच एका वळणावर वारंवार अडत असेल किंवा इतर कुत्र्यांकडे धावत असेल, तर वाट न पाहता केंद्राला कळवावे आणि प्रशिक्षकाला आपल्याच रस्त्यावर सोबत चालायला बोलवावे.